हिरूचं सभासदत्व

१ जानेवारी १९७८, रविवार
नवीन वर्ष, नवीन वही. बत्तीस वर्षे दवाखान्यात कंपाउंडरकी केली. डॉक्टर लिहायचे, मी मिक्स्चर भरायचो. आता रिटायर. आता जे होईल ते माझ्या नावाने.

आज सकाळी आमच्या कळंबच्या घरी ‘कर्जत-खालापूर शुद्धवंश मेंढीपालक मंडळ’ स्थापन झाले. सरचिटणीस मी. अध्यक्ष हिरू. (शाळेपासूनचा दोस्त. खालापूरजवळ भातशेती.) एकूण सभासद सात. हजर दोन. बाकीच्यांना लग्ने होती.

उद्देश : मेरिनो जातीची मेंढी कुलाबा जिल्ह्यात आणून शुद्ध ठेवणे. आणणे झाले आहे. घाटावरच्या सरकारी फार्मवरून एक मेंढा, पाच मेंढ्या. मेंढा आणि तीन मेंढ्या माझ्याकडे, दोन हिरूकडे. मेंढ्याचे नाव कर्नल ठेवले. चालतोच तसा.

सभा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. कोरम दोन.

येसू (बायको) म्हणाली, “भाताच्या मुलखात मेंढरं कशाला?” तिला उद्देश पुन्हा वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत राहिली.

१४ जानेवारी
हिरूच्या मेंढ्या कर्नलकडे आणायच्या होत्या. टेंपो मिळाला नाही म्हणतो. शिळफाट्याचा लडकू टेंपोवाला त्याच्याच ओळखीचा. चिकाटी कमी. अध्यक्ष म्हणून ठीक आहे, पण काम मलाच ओढावे लागणार.

५ फेब्रुवारी, रविवार
दुसरी सभा. हिरू वालाच्या शेंगा घेऊन आला. दुपारी परसात पोपटी लावली, शेंगा मडक्यात भरून जाळावर. मडके उपडे करेपर्यंत सभेचे कामकाज तहकूब. नंतर हात तेलकट म्हणून प्रोसीडिंग लिहिता आले नाही. ठराव सगळे एकमताने.

हिरू म्हणाला, “गजा, मेंढरांच्या नावानं का व्हईना, महिन्याला भेट तरी व्हते.” त्याला मंडळाचे महत्त्व अजून कळलेले नाही.

२० मार्च
‘मंडळ-वृत्त’ पहिला अंक निघाला. एक पान, शिळफाट्याच्या टायपिंग क्लासात सायक्लोस्टाइल. बातम्या : श्री. हिरू यांच्या मेंढीस काटा लागला, काढला. कर्नलचे वजन वाढले (अंदाजे). सभासदांनी लोकर कातरण्याची तारीख कळवावी.
कोणी कळवली नाही. पोस्टाचा कारभार.

७ मे, रविवार
सभा. हिरू आला. ऊन फार. दोघेही ओटीवर झोपलो. संकल्प : १९८० पर्यंत सत्तर मेंढ्या, मुंबईच्या प्रदर्शनात पदक. हिरू झोपेत हो म्हणाला. नोंद केली.

१२ जून
माझ्या एका मेंढीला कोकरू झाले. पांढरेशुभ्र. बापासारखे कपाळ. इतिहास घडला.

१५ जून
कोकरू गेले. ओल सहन झाली नाही. आयुष्य तीन दिवस, पण शुद्ध. बाकी दोघी यंदा गाभण राहिल्याच नाहीत असे दिसते. घाई नको.

२१ जून
हिरूचे पोस्टकार्ड. जसेच्या तसे उतरवतो.
“गजा, तुला राग येईल पण ऐक. जानेवारीत शेतात धनगराची मेंढरं बसवली होती खतासाठी. त्याचा काळा मेंढा आपल्या मेंढीला लागला. दोन कोकरं झाली. बांडी आहेत, काळीपांढरी. पावसात उड्या मारतात. तू ये बघायला.”
तीनदा वाचले. ‘उड्या मारतात’ म्हणे. जणू सर्कस काढली आहे. अध्यक्षाच्याच गोठ्यात भेसळ.

२ जुलै, रविवार
सभा. मुद्दाम सविस्तर लिहितो.

हिरू सकाळच्या एसटीने आला. नखशिखांत भिजलेला. इरल्याखाली बांडे कोकरू छातीशी धरलेले. दोन गाड्या बदलून ते मला दाखवायला आणले. ओटीवर ठेवले आणि म्हणाला, “हात लाव रं, कसं उबदार हाय.”
मी हात लावला नाही. अजेंड्यात नव्हते.

ठराव क्र. ९ मांडला : वंशशुद्धीचा नियम मोडल्याबद्दल श्री. हिरू यांचे सभासदत्व रद्द. ठरावाच्या बाजूने एक. संबंधित व्यक्तीला मत देता येत नाही. मंजूर.

हिरू बराच वेळ कोकराचे कान पुसत होता. मग म्हणाला, “बरं. तू म्हनशील तसं.” थोड्या वेळाने म्हणाला, “मेंढ्या खाचराच्या बांधावर नको चारू. पान्यातला किडा पोटात जातो. धनगर सांगत व्हता.” चारणीवर सल्ला देण्याचा अधिकार आता त्याला नाही, हे मी नम्रपणे सांगितले.

चहा घेतला, गेला. खोकत होता. विचारपूस करणार होतो, पण ठरावानंतर लगेच बरे दिसले नसते.

येसू दिवसभर बोलली नाही. गुडघे दुखत असतील.

१६ जुलै
मेंढ्या उत्तम. तिघींच्याही जबड्याखाली छान भरले आहे. मऊ, गुबगुबीत, माणसाला दुसरी हनुवटी येते तशी. खाणे मानवले. ‘वृत्ता’त घेतो.

१८ जुलै
भागी (ठाकूरवाडीची, मेंढ्या चारायला येते) म्हणाली, “कंपाउंडर, ते मांस न्हाय. पानी उतरलंय गळ्याखाली. मरतील.” तिला समजावले की मी बत्तीस वर्षे औषधात काढली. ती म्हणाली, मेंढ्या टेकडीवर नेते. टेकडीवर गवत कमी. परवानगी दिली नाही.

२५ जुलै
एक मेंढी गेली. वय झाले असावे.

२९ जुलै
दुसरी. तीही त्याच वयाची होती.

३ ऑगस्ट
कर्नल. सकाळी उभा होता, दुपारी बसला, मग उठला नाही. मी माणसाच्या हिशेबाने डोस दिला, दुप्पट. भागीने त्याचे डोके मांडीवर घेतले होते. मी पाणी आणायला आत गेलो आणि आतच थोडा वेळ थांबलो.

खड्डा ठाकूरवाडीतल्या पोशा नावाच्या गड्याने खणला. पाऊस होता, खड्ड्यात पाणी भरत होते. त्यात ठेवावे लागले.

उरलेली मेंढी भागीने विचारल्याशिवाय टेकडीवर नेली. अडवले नाही.

६ ऑगस्ट, रविवार
सभा. हजर : मी. कोरम नाही. अर्धा तास थांबून तहकूब. नियमाप्रमाणे तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून पुन्हा भरवली. कर्नलबद्दल दुखवटा. दोन मिनिटे उभा राहिलो.

लडकू टेंपोवाला भाताचे खत टाकायला आला होता. म्हणाला, हिरूदादाला खोपोलीत दवाखान्यात ठेवलंय. छातीत पाणी.
पावसात कोकरे घेऊन फिरल्यावर दुसरे काय होणार. पत्र येईल. माफीचे पत्र आले की जाईन. आधी गेलो तर ठरावाला अर्थ राहत नाही.

१४ ऑगस्ट
स्टेन्सिलसाठी खोपोलीला गेलो. दवाखाना स्टेशनपासून दहा मिनिटे. रस्त्यात फार पाणी. नवीन चपला.

२२ ऑगस्ट
येसू म्हणाली, “जाऊन या.” मी म्हटले, त्याचे पत्र नाही. ती म्हणाली, “आजारी मानूस पत्र लिवतो का?” मुद्दा ठीक आहे. पण तत्त्व.

२९ ऑगस्ट
आज खास हिरूसाठी गेलो. हे नमूद करतो. चार मोसंबी घेतली. गेटवर पोचलो साडेतीनला. व्हिजिटिंग अवर्स चार ते सहा. चारची एसटी चुकली तर पुढची कधी, कोणी सांगेना. वॉर्डाची खिडकी दिसत होती. एक बाई पदर खिडकीबाहेर पिळत होती, हिरूच्या बायकोसारखी, धोंडूवहिनीसारखी, पण लांबून नक्की कळले नाही. हाक मारली नाही. दवाखान्यात आरडाओरडा करू नये, हे मला कोणी शिकवायला नको.

एसटी चारला सुटली नाही. पावणेपाचला सुटली. मी तोपर्यंत स्टँडवरच होतो.
मोसंबी येसूला दिली. तिने घेतली नाहीत.

३ सप्टेंबर, रविवार
सभा. हजर : मी. मन मोठे केले. ठराव क्र. १४ : श्री. हिरू यांना सभासदत्व पुन्हा बहाल, अध्यक्षपदासह. अट : बांडी कोकरे विकून टाकावीत. नंतर अट खोडली. एक कोकरू ठेवायला हरकत नाही, नंतर तेही खोडून ‘दोन्ही’ केले. चांगल्या कागदावर उतरवून सही केली. गणपती उरकले की स्वतः नेऊन देतो. हिरूला किती आनंद होईल. बहुतेक रडेल. मी मात्र साधेपणाने वागेन.

११ सप्टेंबर, सोमवार
लडकू आला. टेंपो दारात लावला पण खाली उतरला नाही, आतूनच म्हणाला.
हिरू शनिवारी गेला.

१२ सप्टेंबर
‘वृत्ता’साठी बातमी लिहायला घेतली. ‘मंडळाचे माजी अध्यक्ष’ लिहिले. ‘माजी’ खोडले. ‘मंडळाचे’ खोडले. मग काही राहिलेच नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार
तेराव्याला गेलो. येसू बरोबर आली, दुखऱ्या गुडघ्यांनी. ठरावाचा कागद खिशात होता.

धोंडूवहिनी पडवीत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “या भावजी. रस्ते खराब आसतील ना यंदा.”
मी म्हटले, हो.

कसे बोलावे ते ठरवून गेलो होतो. एसटीत दोनदा मनात म्हटलेही होते. ते काही आठवेना. एकदम म्हणालो, वहिनी, आमचं थोडं फाटलं होतं, हिरूनं सांगितलंच असेल.
त्या म्हणाल्या, “न्हाय. काय झालं?”
मी खिशातला कागद चाचपला.
मग त्याच म्हणाल्या, “मी रोज म्हनायचे, गजाभावजी कसे आले न्हाईत. तर हे म्हनायचे, त्याच्यावर मंडळाचं सगळं काम हाय, एकटा किती करील. पाऊस सरला की येईल. शेवटपर्यंत तेच सांगत व्हते मला.”

येसूने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे.

मी विचारले, माझ्यासाठी काही निरोप? वहिनींनी जरा आठवून पाहिले. म्हणाल्या, “न्हाय वो. शेवटी दोन दिस बोलनं न्हवतंच. नुसतं पानी मागायचे.”

मागल्या दारी बांडी कोकरे दोरीला बांधलेली होती. मोठी झाली आहेत. मी जवळ गेलो तर लांब पळाली, दोरी ताणून उभी राहिली. ओळख नाही. वहिनी म्हणाल्या, दिवाळीत धनगर उतरला की त्याला देऊन टाकीन, माझ्यानं व्हत न्हाय. मी म्हटले, मी नेतो. येसू म्हणाली, “नको. देऊ द्या त्यांना. जगतील तरी.”

ठरावाचा कागद बाहेर काढला नाही. काढून कोणाला द्यायचा.

१ ऑक्टोबर, रविवार
सभेचा दिवस. सभा नाही.
भागीने सांगितले, टेकडीवरची मेंढी बरी आहे, गळ्याखालचे पाणी उतरले. तिला म्हटले, तूच ठेव. ती म्हणाली, “मी काय म्हनून ठेवू, मंडळाची हाय ना?” मी म्हटले, मंडळ नाही. तिला ते आधीपासूनच माहीत असावे. मेंढी घेऊन गेली.

दहा वाजता येसू दोन कप चहा घेऊन ओटीवर आली. मी म्हटले, दोन कशाला आणलेस, तो आता येणार आहे का.
येसू माझ्या शेजारी बसली. म्हणाली, “दुसरा माझा हाय.”