माह्या नावानं नको

सौसर,
मंगळवार, २१ जानेवारी

विशालजी,
सप्रेम जयभीम.

भोपाळचं प्रशिक्षण कसं चालू आहे? तिथे थंडी आपल्याकडच्यापेक्षा जास्त असेल. एका स्वेटरवर भागवू नका, दुसरा घ्या. इकडे मी आणि माझ्या सासूबाई ठीक आहोत. आईंचा खोकला कमी आहे आणि काल त्यांनी पोटभर भाकर खाल्ली. थंडीमुळे शाळेला सुट्टी दिली आहे, म्हणून भर दुपारी अंगणात उन्हात बसून लिहून राहिली आहे. परवाच्या आभाळानंतर आज ऊन इतकं स्वच्छ पडलं की शेजारपाजारच्या सगळ्या गाद्या भिंतींवर आल्या.

तुम्ही फोनवर विचारलं, रेस कशी झाली, आणि मी म्हटलं, "झाली, पाऊस होता." तेवढंच बोलून फोन ठेवला. आई बाजूलाच बसल्या होत्या आणि सांगायचं बरंच होतं.

रेस पूर्ण झाली नाही. ते आधीच सांगून टाकते.

पांढुर्ण्याहून सायकलनं तिगाव, तिथून पायी डोंगर पार करून खाली, मग दोर धरून नदी, आणि मोहगावपासून पुन्हा सायकल, सौसरपर्यंत. महिलांच्या गटात जोडी लागत होती, एकटीला सोडत नव्हते. माझी जोडीदार आमच्या शाळेतली अश्विनी मॅडम. आदल्या संध्याकाळी तिला सडकून ताप भरला. खेळाची मॅडम स्वतःच घरी बसणार, म्हणून मी चिडून भांडी आपटत होते. आई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मी येते ना. सायकल येते मले, चालता येते. अजून काय लागते?"

मला हसू आलं. मग पाहिलं तर त्या हसत नव्हत्या. आयुष्यभर संत्र्याच्या बगीच्यांत तोडणीला सायकलनं जाणारी बाई आहे, दम माझ्यापेक्षा कमी नाही. मी म्हटलं, "आई, पन्नाशी झाली तुमची." त्या म्हणाल्या, "मग का घरी बसून ते कमी होईन?"

सकाळी पांढुर्ण्याला धुकं होतं. समोरच्या जोडीची सायकल दिसत नव्हती, फक्त आवाज येत होता. आईंनी सलवार-कुर्ता घातला होता, माझा, आणि त्यावर आयोजकांनी दिलेला पिवळा टी-शर्ट. तिगावपर्यंत आम्ही मधल्या फळीत होतो. पोलिसातल्या दोन पोरींना आईंनी चढावर मागे टाकलं आणि वळून त्यांना म्हणाल्या, "या बाप्पा हळूहळू." मी इतकी हसले की सायकलवरून उतरावं लागलं.

डोंगर चढून वर गेलो आणि वारं सुटलं. आधी पाऊस, बोचरा, आडवा. मग गारा. बोरांएवढ्या, नंतर लिंबांएवढ्या. आम्ही पाठीवरच्या पिशव्या डोक्यावर धरून खाली उतरत होतो. वाट दिसेना, खुणेच्या लाल फिती वाऱ्यानं उडून गेल्या होत्या. उतारावर आई घसरल्या आणि पाण्यानं भरलेल्या नाल्यात कमरेपर्यंत गेल्या. मी हात देऊन काढलं. म्हणाल्या, "काही नाही झालं," आणि चालू लागल्या.

थोड्या वेळानं त्या बोलायच्या बंद झाल्या. आई आणि गप्प, हे मी त्यांच्या मुलाच्या, प्रतीकच्या, मरणानंतरच पाहिलं होतं. हाक मारली तर उत्तर आलं, पण शब्द जड, दारू प्यायल्यासारखे. मग बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, "तू जाय पुढं. मी जराशी झोपून येते."

विशालजी, रेसआधीच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की थंडीत भिजलेला माणूस झोपतो म्हणाला की घाबरायचं. मी घाबरले. त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यावर घेतले आणि ओढत नेलं. खाली संत्र्याचा बगीचा लागला. झाडाखाली गारा आणि संत्री यांचा नुसता खच. मधे राखणदाराची झोपडी होती, माणूस कोणी नव्हता, पण आत बारदान कोरडं होतं. त्यांचे ओले कपडे काढले, बारदान गुंडाळलं, आयोजकांनी पिशवीत दिलेली, ऊब धरून ठेवणारी चंदेरी पन्नी दोघींभोवती लपेटली आणि त्यांना छातीशी घट्ट धरून बसले. गूळ होता, तो थोडा थोडा चारला. आणि सारखी शिटी वाजवत राहिले. बाहेर इतका आवाज होता की मलाच ती ऐकू येत नव्हती.

मी त्यांना बोलतं ठेवायचं म्हणून काहीही विचारत होते. घरातल्या मांजरीबद्दल, त्यांच्या माहेराबद्दल. त्यांचे दात वाजायला लागले तेव्हा मला जरा बरं वाटलं, कारण आधी ते वाजतही नव्हते. आणि मग त्यांनीच मला विचारलं.

"विशालले उत्तर काहून नाही देत तू?"

तुम्ही दिवाळीत लग्नाचं विचारलं होतं, त्याबद्दल मी घरी एक शब्द बोलले नव्हते. मी म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाले काय लागते. तो आला का तू दोनदा चहा करते. आणि तो गेला का दिवसभर माह्याशी नजर मिळवत नाही."

मी म्हटलं, "आई, मी गेली तर तुम्ही एकट्या पडाल. प्रतीक असते तर गोष्ट वेगळी होती."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं पुन्हा झोपून राहिल्या की काय, म्हणून हलवलं. तर म्हणाल्या, "हलवू नको, जागीच आहो. ऐक. माह्या पोराचं दुःख मले आहे, ते मी सांभाळीन. तुले तो माणूस पसंत नसन तर नाही म्हण, काही बिघडत नाही. पण माह्या नावानं नाही म्हणू नको. उद्या मी मेली तर लोक म्हणतीन, सुनेनं सासूसाठी जनम वाया घातला. मले नाही पाहिजे ते."

मी रडले. पन्नीत आवाज मोठा होतो, त्यामुळे त्यांनाही कळलं. त्यांनी बारदानातून हात काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. हात गरम होता. तिथेच मला पक्कं कळलं की आई वाचल्या.

पाऊस ओसरल्यावर दिलीपभाऊ, आयोजकांपैकी एक, शिटीच्या आवाजावर शोधत आले. त्यांची जीप बांधापलीकडे होती. जीपमधल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, धोका टळला, पण रेस इथेच थांबवा. आईंनी वाद घातला. म्हणाल्या, नदी ओलांडली की सायकलचा तुकडाच उरतो, तो तर उताराचा आहे. डॉक्टर काही ऐकेनात. जीपमध्ये काचा लावून चहा प्यायला मिळाला तेव्हा मात्र गप्प झाल्या. मला हरल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

त्या नदीच्या दोरापर्यंत आम्ही पोचलोच नाही. बरंच झालं. नंतर कळलं की पाणी चढल्यामुळे तो टप्पा रद्दच केला होता.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल.

मी सौसरची नोकरी सोडणार नाही. तुमच्या पांढुर्ण्याच्या घरून रोज येणं-जाणं करीन, बस आहे. प्रतीकचा फोटो माझ्यासोबत येईल, तो भिंतीवर लावायला तुमची हरकत नसावी. आईंना आपल्याकडे राहायला चला म्हटलं तर त्यांनी साफ नकार दिला: "माह्यं घर आहे. पाहुणी म्हणून येईन, आणि पाहुण्यासारखी जेवीन." त्यांच्याकडे दर आठवड्याला जाण्यात मला अडवू नका. हे सगळं तुम्हाला मान्य असेल, असं मला वाटतं. तरी विचारलेलं बरं.

हे मान्य असेल तर माझं उत्तर हो आहे.

भोपाळहून आल्यावर रविवारी घरी या. आईंशी तुम्हीच बोला, माझ्यामार्फत नको. हे पत्र त्यांना वाचून दाखवू का, म्हणून विचारलं. म्हणाल्या, "माह्यं बोलून झालं. आता तुमचं तुम्ही पाहा."

तब्येतीची काळजी घ्या.

तुमची,
स्नेहा