फूटभर पुढचा दगड

नॉकनागोल, कॉर्क
१२ मार्च १९११

प्रिय कॉन,

बाबांना पुरून आठ दिवस झाले. तार मिळाली असेलच. गर्दी तर विचारू नकोस! अर्धी माणसं बाबांसाठी आली होती, अर्धी ‘लांब उडीवाल्या कॉनचा बाप’ म्हणून. शेजारच्या टिमी लूसीला तिथेही तोंड आवरेना. म्हणे, “माणूस देवासारखा, पण पोराच्या कौतुकापायी दरसाल चार पोती बटाटे बुडवले यानं!” तुझ्या उडीच्या जागेबद्दल बोलत होता मेला. तू अमेरिकेला गेल्यावरही त्या दोन दगडांमध्ये, जिथून उडी घ्यायचास तो आणि जिथे टाच पडायची तो, बाबांनी कधी नांगर घातला नाही.

तुझं बॉस्टनचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. गुडघा कायमचा गेला, काठीशिवाय चालवत नाही, हे वाचून मी रडले. पण ‘लंगडत कुठल्या तोंडानं गावात येऊ?’ हे वाचलं आणि तुझा असा राग आला म्हणून सांगू! म्हणून अकरा वर्षं पोटात ठेवलेलं आज सांगते.

सतरा वर्षांचा होतास तू. शेतात उडी मारलीस, टाच पडली तिथे दगड रोवलास आणि दूध घालायला गेलास. मी तो दगड फूटभर पुढे सरकवला. बाजारातून आल्यावर बाबांनी तुझी पाठ थोपटावी, एवढंच मनात होतं. त्यांनी थोपटलीही. पण दुसऱ्या दिवसापासून तुझी उडी रोज फूटभर कमी पडू लागली! टिमी कुंपणावरून ओरडायचा, “काय रे, काल वारा ढकलत होता का?” तू दातओठ खाऊन पुन्हा धावायचास. अख्खा हिवाळा, चिखलात. दगड मागे न्यायचं धाडस मला होईना. आणि मे महिन्यात तू त्या दगडाच्या पलीकडे जाऊन पडलास. त्याच उन्हाळ्यात डब्लिनला भल्याभल्यांना हरवलंस. देवाशपथ, तुझ्याएवढा चिवट माणूस मी पाहिला नाही.

बाबा वारले त्याच्या आदल्या दिवशी हसत म्हणाले, “हॅना, त्या दिवशी मी बाजारातून लवकर परतलो होतो. दगड सरकवताना पाहिलं मी तुला. आता मागे नेऊ नकोस हं. पोरानं तो कमावलाय.”

बटाट्यांसाठी ती जागा नांगरून द्यायला टिमी टपलाय. कॉन येईपर्यंत शेताला हात लावायचा नाही, असं त्याला बजावलंय. तेव्हा या उन्हाळ्यात ये. उडी मार असं कोण म्हणतंय? काठी टेकत एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत चालत ये. पलीकडच्या दगडापाशी मी उभी असेन.

तुझीच लबाड बहीण,
हॅना