लेबलवरची बाई

आये, तुझ्या जागी त्यांनी दुसरीच बाई उभी केली. नाकात नथ, अंगावर कोरं हिरवं लुगडं, आणि कोकमाची सोलं वाळत घालताना ती तोंडभर हसते आहे. खाली छापलंय, 'आईच्या हातचं कोकम आगळ'.

ओरोसला नवा धंदा सुरू करणाऱ्यांसाठी एक केंद्र निघालंय, इन्क्युबेशन सेंटर म्हणतात. एकाच हॉलमध्ये आम्ही सगळे बसतो. माझ्या शेजारच्या टेबलावर आरोंद्याची एक बाई आहे, कोळंबीचं लोणचं करणारी. खोटं कशाला बोलू, केंद्राने मला परवाना काढून दिला, बाटल्या भरायचं मशीन सगळ्यांत मिळून वापरायला दिलं. एकटीला मला ते झेपलं नसतं. पण ढगाळ दिवसांत सोलं सुकवायला बंदिस्त जागा मागितली, ती काही मिळाली नाही. मिळाले ते पुण्याचे मार्गदर्शक. म्हणाले, "ताई, माल चांगला आहे, पण तुमची गोष्ट कुठे आहे?" मग मी तुझ्याबद्दल दोन वाक्यं सांगितली. त्यांनी फोटो मागितला.

फोटो कुठून आणू? एकदाच तेवढी वेळ आली होती. मे महिना आहे, तू खळ्यात बसून सोलं परत रसात बुडवून पसरते आहेस, हात कोपरापर्यंत लाल. मुंबईहून आलेला तुझा भाचा कॅमेरा काढतो आणि तू त्याच्यावर खेकसतेस, "माका काय दशावतारातलो संकासूर समाजलंस रे? आधी हात धुवंक दी." तू हात धुतलेस, केस विंचरलेस, चांगलं पातळ नेसून बाहेर आलीस, तोवर त्याची रिक्षा निघून गेली होती. पातळ बदललंस आणि परत सोलांत हात घातलास.

म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर एक आई तयार केली. मला न विचारता. बाहेरचे पाहुणे आमचा माल बघायला आले त्या दिवशी तिचा बॅनर माझ्या टेबलामागे लावलेला, आणि बाटल्यांवर तिचंच लेबल. गोव्याच्या एका हॉटेलचे खरेदीवाले म्हणाले, अगदी तुमच्यासारख्याच दिसतात. आरोंद्याची माझ्या कानाशी वाकली, "ही तुझी आवस गो? नथ घालून सोलां सुकत घाली?" मला हसू आलं, आणि मग डोकंच फिरलं. मार्गदर्शक माईकवर 'या माउलीने' म्हणून सुरू झाले होते. चार माणसांत कधी तोंड न उघडणारी मी उठले आणि म्हणाले, "ही माझी आई नाही." तशीच उभी राहिले.

नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. ताई, हे प्रतीक आहे, सगळेच करतात, हॉटेलला हेच लेबल आवडलंय. मी म्हटलं, चेहरा काढा, नाहीतर माझा माल राहू दे. हॉटेलवाल्यांचा त्यानंतर फोन नाही. येईल असं वाटतही नाही.

राग त्यांचा आहेच. पण तुझाही आहे, आये. त्या दिवशी लाल हातांनी तशीच बसून राहिली असतीस तर काय बिघडलं असतं? कसली लाज होती त्यात? मला दाखवायला काहीतरी राहिलं असतं, आणि तुझी जागा अशी रिकामी सापडली नसती कुणाला.

हे तुला पाठवता आलं असतं तर पुढचं लिहिलं नसतं. सगळ्या बाटल्या गरम पाण्यात घालून मी लेबलं खरवडून काढली. एक बाटली तेवढी लेबलासकट ठेवली आहे, चुलीच्या वरच्या फळीवर. मी काम करत असले की ती बाई माझ्याकडे बघून हसते. तू कधी हसायची नाहीस.