बारक्याला मामाकडे पाठव

१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे, तुम्ही सगळेही बरे असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आईचा खोकला कसा आहे? तुझ्या शिवणाच्या मशीनचा पट्टा बदललास, की अजून दोरी बांधूनच ढकलगाडी चालू आहे?

हे पत्र नेहमीसारखं फौजेचा शिक्का मारून आलेलं नाही, म्हणून दचकू नकोस. मी फौजेच्या दवाखान्यात आहे. इथल्या झाडूवाल्या मावशी हे बाहेरच्या पेटीत टाकणार आहेत. शिक्क्याच्या पत्रात मला एवढंच लिहिता येतं की जेवण चांगलं आहे. जेवण चांगलं नाही.

बातमी अशी की मी तिकडे येतोय. सोमवारी, आपल्याच शाळेत, वरच्या वर्गांसमोर भाषण करायला. मी! तोंडी परीक्षेत ज्याची दातखीळ बसायची, तो. भाषण साहेबांनी लिहून दिलंय, मला पाठ आहे. सोळाव्या वर्षी मी कसा मर्द झालो, ते त्यात आहे. माझ्याबरोबर भरती झालेला लोहाराचा मुलगा 'हसत हसत गेला', असंही आहे. ताई, तो हसत नव्हता. आईला हाका मारत होता. आणि आवाजावर गोळ्या येत होत्या, म्हणून आम्ही त्याला गप्प बस, गप्प बस म्हणत होतो. मीच जास्त म्हणत होतो.

साहेबांना माझा चेहरा पसंत आहे. "एक ओरखडा नाही बघ, नशीब काढलंस," म्हणतात. पोरं यायच्या आधी मला स्टेजवर बसवणार, ती गेल्यावर उतरवणार. टेबलावर पार जमिनीला टेकेल अशी चादर घालणार.

आता तुला कळलंच असेल, तर सांगूनच टाकतो. डावा पाय गुडघ्याखाली नाही. आईला इतक्यात सांगू नकोस. नकली पाय मिळणार आहे, पण साहेब म्हणाले, "आधी शाळा, मग पाय. पळून कुठे जायचंय तुला?" आणि स्वतःच हसले. मी नाक मुठीत धरून हो म्हणालो. मला चालायचंय गं.

म्हणून ऐक. आपला धाकटा भाऊही आता वरच्या वर्गात आहे, तेव्हा सोमवारच्या आत बारक्याला मामाकडे पाठव. मामा आजारी आहे म्हण, भांडण काढ, काहीही कर. गणवेशातला माझा फोटो तो उशाखाली घेऊन झोपतो, असं तूच कळवलं होतंस. हॉलबाहेर भरतीचं टेबल मांडलेलं असेल. तिथे वय कोणी विचारत नाही, माझंही विचारलं नव्हतं. मला ऐकून तो सरळ तिकडेच जाईल. मी चांगलं बोलायला लागलोय, ताई. तालमीत नर्सबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तू म्हणशील, चादर वर कर आणि दाखव की सगळ्यांना. मीही रोज स्वतःला तेच म्हणतो. पण सोमवारी माझ्याच्याने होणार नाही, म्हणून तर हे पत्र. तूही शाळेकडे फिरकू नकोस. तुझ्यासमोर मला ते बोलता येणार नाही.

आपला बारक्या वाचेल. पुढच्या रांगेतल्या बाकी पोरांच्या घरीही ताया असतीलच. त्यांना मी लिहिलेलं नाही.

या पत्रापुरता तरी तुझाच,
भाऊ