मातामायची मुराळी

चामोर्शी तालुका,
२३ जानेवारी २०२५

प्रिय प्रफुलदादा,

नमस्कार. तू बहिणीचा फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टमनला कामाला लावलंय. वहिनीची कंबर आता कशी आहे? आमच्याकडे धान घरात आलं. प्रणित मजेत आहे. त्याचं नाव वाचून कागद फाडू नकोस, खाली मोठी बातमी आहे.

आमच्या गावची देवी, मातामाय, चंद्रपूरला जाऊन आली! एका संस्थेनं जुन्या काळच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं होतं. त्यात मांडायला तिला महिनाभरासाठी मागून नेलं. शेंदूर काढून आंघोळ घालू का, असं रीतसर विचारलंही. गावानं सासरी निघालेल्या लेकीसारखी ओटी भरून तिला पाठवलं. आणि लेक म्हटली की परत आणायला मुराळी हवाच. सरपंच गुणवंतराव मुराळी ठरले. आम्ही बायका नुसत्या सोबतीला, छोटा हत्ती टेम्पोत मागे बसून.

प्रदर्शन काय सांगू तुला! दगडी कुऱ्हाडी, जंगलात सापडलेली खापरं, मण्यांच्या माळा. त्या माळांपाशी मी इतकी रेंगाळले की कमळाकाकूनं चिमटा काढला. पुढे काकूनं मातामायपुढे तांदूळ, खण, नारळ मांडला आणि पदर सावरून पाया पडली. तिथल्या मॅडम हळूच म्हणाल्या, "काकू, हा सैनिक आहे."

"अवो माय, ह्याले तं मिशा हायेत!" काकू ओरडली आणि अख्खं दालन हसलं.

आमची शेजारीच उभी होती. शेंदराशिवाय आम्ही तिला ओळखलंच नाही, दादा. एका हातात तलवार, कडेवर मूल, आणि चेहरा असा की आत्ता दोन शब्द सुनावेल. लढताना गेलेल्या कुणा बाईच्या आठवणीचा दगड असावा, असं मॅडम म्हणाल्या. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही शेंदूर थापत आलो आणि तिचं तोंड कुणी पाहिलंच नव्हतं. मला रडू आलं.

मग खरी गंमत झाली. संस्थेच्या लोकांनी गुणवंतरावांना शाल घातली आणि म्हणाले, मूर्ती कायमची इथेच राहू द्या, काचेत जपू. आमचे मुराळी शालीतच विरघळले.

"राहू द्या ना मंग. गावात ऊन-पाणीच खाते बिचारी."

माझं डोकं फिरलं. मी तिच्या पायाशी फरशीवर बसकण मारली. "मुराळी हात हालवत वापस जाते काय भाऊ? तिले घेतल्याशिवाय मी इथून हालत नाई."

"बाई कदी मुराळी रायते काय वो?"

"आजपासून रायते."

काकू बसली. मग सगळ्याच बसल्या. प्रदर्शन बघायला आलेली शाळेची पोरं टाळ्या वाजवायला लागली. साहेब लोक आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. शेवटी मॅडमच पुढे झाल्या. "महिनाभरासाठी मागितली होती. शब्द दिलाय, तर परत द्यायला हवी." काय ओरडलो आम्ही! दाराशी बसलेला वॉचमन धावत आला.

गावात डफ वाजवत नेली तिला. आता फक्त कपाळाला कुंकू लावायचं, तोंड झाकायचं नाही, असं आम्ही बायकांनी ठरवलं आणि गावानं ते मानलं. पंगत बसली तेव्हा गुणवंतरावांनी स्वतः पाट मांडला. "मुराळीले पयले जेवू घाला," म्हणाले. मुराळी म्हणजे मी!

पहिला घास हातात घेतला आणि आपलं घर आठवलं. दर दिवाळीला जावेचा भाऊ येतो आणि तिला घेऊन जातो. मी सडा घालता घालता रस्त्याकडे बघत राहते. प्रणितला सांगते, दादाकडे धानाची कामं असतील. त्याला सगळं कळतं. मी पसंतीनं लग्न केलं त्याचा मला पस्तावा नाही, होणारही नाही. पण तुझी आठवण येते, दादा. रोज येते. ते घर माझंही आहे.

न्यायला कुणी आल्याशिवाय लेकीनं माहेरी पाऊल टाकू नये, असं इतकी वर्षं धरून बसले होते. आता नाही. २ फेब्रुवारीच्या रविवारी मुलचेऱ्याच्या पहिल्या एसटीनं मी येते आहे, प्रणितला घेऊन. दार उघडं ठेव. बंद ठेवलंस तर ओट्यावर बसेन, आणि मला उठवणं किती सोपं आहे ते चंद्रपूरला विचारून घे.

तुझी धाकटी,
आणि आता स्वतःचीच मुराळी,
रंजीता