पातळ पत्र्याचं मशीन

येलदरी कॉलनी, ४ नोव्हें. ८९
हेडसर येऊन गेले. पायाकडं बघायचं नाही असं ठरवून आले असावेत, चहा पिताना सारखे छताकडं बघत होते. डिसेंबरअखेर कळवा म्हणाले. शाळेवर परत यायचं, की जिंतूरला ऑफिसात टेबलाचं काम घ्यायचं. आमचे हेच मधे बोलले, शाळेवरच येईल ती. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगितलं असतं.
शुगरनं आधी पावलाला काही कळेनासं झालं. काटा रुतला तोही कळला नाही. मग डावा पाय गुडघ्याखालून काढला. आता सगळीकडंच तसं झालंय.

९ नोव्हें.
सकाळी शुगरचं इंजेक्शन घेतलं. ह्यांनी अंगणात जुनी स्कूटर उघडलीय. मागं दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचं चाक लावणार. ब्रेक उजव्या पायात, गिअर-क्लच हातात, डाव्या पायाला कामच नाही, असं समजावून सांगत होते. बरोबर आहे.
हे धरणावरच्या पॉवर हाऊसमधे फिटर. पण सरकारी मशीनवर घरचं काम करायचं नाही, हा ह्यांचा नियम. म्हणून स्कूटर टेम्पोत घालून जिंतूरला नेली. वेल्डरनं वेल्डिंगची काडी टेकवली आणि पत्र्याला बोट जाईल एवढं भोक पडलं. ट्रॅक्टरची ट्रॉली आणा, जोडतो म्हणाला, हा पत्रा लय पातळ हाय.
आता म्हणतात, आपलंच एक लहान वेल्डिंगचं मशीन घेऊ. चाकं एकदा लावून भागणार नाही, मागंपुढं करावी लागतील.
मी हो म्हटलं.

१७ नोव्हें.
परभणी. पाय गेल्यापासून दवाखाना सोडून पहिल्यांदाच कुठं गेले. कुबड्या, एस.टी.ची पायरी. कंडक्टरनं मागून धरलं. काही वाटलं नाही, लाजसुद्धा.
दुकानात एक मशीन दाखवलं, गार राहायला आत तेल भरलेलं. दोन माणसांशिवाय हलत नाही. वर तेही काडीचंच. दुसरं म्हणजे गॅस. त्याची आच पसरते, सगळा पत्रा वाकडा होतो, हे ह्यांनाच ठाऊक. दुकानदार ह्यांच्याशीच बोलत होता. मी स्टुलावर. मधेच ह्यांना म्हणाला, "बाईसाहेबांना कशाला तकलीफ देता? घरी आराम करू द्या की."
"गाडी तीच चालवणार हाय," हे म्हणाले. आवाज नेहमीचाच.
काही न घेता परत. 

२५ नोव्हें.
मिलिंद आला, माझा धाकटा भाऊ. औरंगाबादेत गाड्यांच्या बॉडी जोडायच्या कारखान्यात आहे. म्हणतो, काडीचा नादच सोडा. त्यांच्याकडं तारेचं मशीन असतं. पिस्तुलासारखी मूठ, त्यातून बारीक तार आपोआप येते, भोवती गॅस सुटतो. कारखान्यातली मोठी असतात, पण त्याच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडं एक लहान आहे, चाकांवरचं. त्याला विकायचंय.
ह्यांना पटेना. गॅस कुठं भरायचा, तार कुठं मिळायची, बिघडलं तर कोण बघणार. दोघं दुपारभर वाद घालत बसले. मी तांदूळ निवडले. निवडलेलेच परत निवडले.

३ डिसें.
काल जायचं होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा, गाड्या बंद. आज निघालो. औरंगाबादेत स्टँडसमोरच्या भिंतीवर घोषणा, कुणीतरी चुना फासलेला, चुन्यावर परत तीच घोषणा. मिलिंद बघत थांबला. त्यानं ह्यापायी लाठ्या खाल्ल्यात.
गॅरेजवाल्यानं पत्र्याचे चार तुकडे काढले. दोन काडीनं जोडले, दोन तारेनं. काडीच्या जोडाला कडेनं भोकं. तारेचा जोड बारीक, सरळ, हातशिलाईसारखा.
हे दोन्ही तुकडे हातात घेऊन उभे. गॅसचं काय, असं परत म्हणाले. मग एकदम माझ्याकडं वळले.
"सुमन, तू सांग. तुला बसायचंय."
पाय काढायच्या कागदावरसुद्धा सही ह्यांचीच होती. मी हातोडी मागितली. बसल्या बसल्या तारेच्या जोडावर घाव घातले. पत्रा वाकला, जोड सुटला नाही.
"हेच घ्या," म्हटलं.
मी मोठ्यानं बोलले बहुतेक. मिलिंद हसला.

१२ डिसें.
मशीन आलं. अंगणात ठेवलंय. शेजारच्या बाई विचारून गेल्या, पिठाची चक्की घेतली का. गॅसची टाकी सोडावॉटरवाल्यामार्फत मिळाली, त्यालाही तोच लागतो.

१४ डिसें.
जमेना. जोड जाळीसारखा, नुसती भोकं. ह्यांनी घासून काढला, परत केला, परत तेच. जेवले नाहीत. "चुकलंच," एवढंच म्हणाले. मशीन घेणं की मला सोबत नेणं, कळलं नाही. विचारलं नाही.

१५ डिसें.
वारा. धरणावरनं सारखा वारा येतो, जोडाभोवतीचा गॅस उडून जातो. मिलिंदला फोन केल्यावर कळलं. मी खुर्ची टाकून सतरंजी आडवी धरून बसले. डोळ्यांपुढं धरायची काळी काच एकच, ती ह्यांच्याकडं. मी तोंड फिरवायचं असं ठरलं होतं. पण बघितलं. बराच वेळ बघितलं.
जोड चांगला आला.

१६ डिसें.
पहाटेपासून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. पाणी थांबेना. लय दुखलं. हे ओलं फडकं ठेवत होते डोळ्यांवर. त्यांना वाटलं, मी रडायलेय. पाय काढला तेव्हाही मी रडले नव्हते. हे शेजारी बसून पाठीवरनं हात फिरवायला लागले.
वेल्डिंगच्या उजेडानं झालंय, हे मी सांगितलं नाही. नंतर माझं मलाच कळेना, कशानं.

२४ डिसें.
चाकं बसली. डावं जरा वर होतं, कापून परत जोडलं. अंगणात बसून बघितलं. हलत नाही. कुबड्या अडकवायला कडी केलीय, तिचे जोड ओबडधोबड. ते मी केलेत. काच धरून.

३१ डिसें.
रविवार. हे म्हणाले, कॉलनीच्या गेटपर्यंत जाऊन ये, मी मागं पळतो. नको म्हटलं.
एकटीच गेटपर्यंत गेले. तिथं वळायचं तर रस्ता अरुंद, एका बाजूला पाण्याची चारी. ह्या गाडीला मागं जाता येत नाही आणि खाली उतरून ढकलायला मला येत नाही. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. थांबले. हाक मारली असती तर हे आले असते.
पुढं गेले. खड्ड्यात डावं चाक आपटलं, जोड टिकला. कापसाची बैलगाडी आडवी आली, गाडीवानानं बैल बाजूला घेतले. वळण्याएवढी जागा कुठंच नव्हती, थेट शाळेच्या मैदानापर्यंत. शाळा बंद. मैदानात मोठ्ठा वळसा घेतला. मग, गरज नसताना, अजून एक.
हे गेटवर उभे. घामाघूम. शोधायला निघाले असावेत.
"कुठवर गेलतीस?"
"वळायला जागा मिळाली तिथवर."
हे खाली बसून चाकांचे जोड हातानं चाचपायला लागले.
अक्षर वाकडं येतंय. हेडसर संध्याकाळी विचारायला येणार आहेत. ह्यांना म्हटलंय, तुम्ही मधे बोलू नका.