सुताच्या गुंड्याची पलटण

बेसा, नागपूर
१५ सप्टेंबर २०२५

चि. दामिनीस,
जयवंता आजीचे आशीर्वाद. ट्रेनिंगात फौजेनं तुहा फोन काढून घेतला, बेस केलं. पण चौथी पास म्हातारीले पत्र लिहाची शिक्षा काहून?

दिवाळीले नात येऊन राहिली, असं साऱ्या बिल्डिंगीत सांगून बसली मी. अन् तू लिहितेस सुट्टी लटकली! तुमच्या तुकडीतली गार्गी धावताना मागं राहते अन् कवायतीचा उस्ताद म्हणते, पूर्ण पलटण संगं पोचली तरच घरी जा. आमी तर खालच्या पोट्ट्यायले पलटण म्हणतो. आला कुठून हा शब्द? इचार त्याले. अन् पोरीले शिव्या नको देऊ. तूही काही हरीण नाहीस.

लोभ ठेव, नसंल जमत तर पत्र तरी ठेव.
आजी

२४ सप्टेंबर

ती. आजीस सा. न.
इचारलं. पलटण आली इंग्रजांच्या प्लाटूनवरून, त्यांनी तो शब्द उचलला फ्रेंचांचा. अन् फ्रेंचांत त्याचा मूळ अर्थ लहान गोळा. सुताच्या गुंड्यालेही तेच म्हणतात! मी खो खो हसली, म्हणून मैदानाला चक्कर माराची शिक्षा मिळाली. आपल्या घरचा हातमाग मोडीत गेला, गुंडा मात्र फौजेत भेटला.

गार्गीले आम्ही हात धरून ओढतो, ती पडते. दसऱ्यानंतर शेवटची संधी.

लोभ असू दे, राग चिवड्यात टाक.
दामिनी

२८ सप्टेंबर

चि. दामिनीस आशीर्वाद.
ओढता काहून वं? कोष्ट्याची नात ना तू? कच्चं सूत ओढलं का तुटते. ते गुंड्याच्या पोटात घ्याचं, पक्कं वरून गुंडाळाचं. तिले मधात घ्या अन् तिच्या चालीनं धावा. जास्त घाई करणारीले मागं ठेवा. म्हंजे तुले.
आजी

९ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न.
पोचलो! साऱ्याच्या साऱ्या, एकदम! गार्गी मधात, आम्ही भोवताल, गाणे म्हणत. उस्ताद मिशीत हसले. सुट्टी पक्की!

एकच घोळ झाला. तुह्या चिवड्याची तारीफ मी जरा जास्त केली. सगळ्यायची गाडी नागपूरवरूनच जाते. घरी जाताना एक रात्र आपल्याकडे उतरणार. पूर्ण पलटण.

लोभ वाढव, पोहेही वाढव.
दामिनी

१४ ऑक्टोबर

दामिनी,
आशीर्वाद नाही, आधी ऐक. दोन खोल्यांत पलटण? शेजारणीकडून गाद्या मांगून आणल्या, चिवड्याले कढई पुरेना म्हून लग्नाचं भगोनं काढलं. बिल्डिंगीत सांगून टाकलं, एक नात येणार होती, आता मोजू नका.

गार्गीले मधात झोपवजो. अन् तुह्या फ्रेंचायले सांग, गुंडा त्यायनं बांधला, उलगडणार माह्या घरात.

लोभ-बिभ मंग. जोडे बाहेर काढा.
आजी